डॉक्टर म्हणाले 'रेमिशन'. म्हणजे मी बरी झाले का?

मोगरी, रविवार रात्री ९.४०

नमस्कार. इथे गेली चार वर्षं नुसती वाचतेय, लिहायला आज पहिल्यांदा बसले. वय ४१, राहणार सांगली. २०२१ च्या पावसाळ्यात माझे हात धरले. सकाळी उठलं की मूठ वळायची नाही. ब्रशवर पेस्ट काढायची तर ट्यूब दोन तळहातांत दाबून धरावी लागे. सांडशी धरवेना, म्हणून चहा नवरा करायचा. आधी तीन महिने दुखण्याच्या गोळ्या खाल्ल्या. मग रक्त तपासलं, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या दोन्ही संधिवाताच्या रक्तचाचण्या पॉझिटिव्ह. ऱ्हुमटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटतं तो संधिवात. तेव्हापासून मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, फॉलिक ॲसिड आणि रोज एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन). सुरुवातीला थोडे दिवस स्टेरॉइडही होतं, ते डॉक्टरांनी हळूहळू काढलं.

गेल्या आठवड्यात दाखवायला गेले. डॉक्टरांनी नेहमीसारखा एकेक सांधा दाबून पाहिला, सीआरपीचा (रक्तातून अंगातली सूज मोजणाऱ्या चाचणीचा) कागद पाहिला, शून्य ते दहामध्ये त्रास किती म्हणून विचारलं. मी म्हटलं, एक. त्यांनी फाइलवर लिहिलं 'रेमिशन' आणि हसले. मी विचारलं, म्हणजे बरी झाले? तर म्हणाले, "आजार शांत झालाय, गेलेला नाही. गोळ्या आहेत तशाच चालू." तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला.

घरी सांगितलं तर सासूबाईंनी गणपतीपुढे पेढे ठेवले. नवरा म्हणतो, त्रास नाही, रिपोर्ट चांगले, मग ती मेथोट्रेक्सेट, कॅन्सरची गोळी, कशाला खातेस? माझ्याकडे उत्तर नाही. पेढा खाल्ला, आणि रविवार होता म्हणून रात्री गोळीही घेतली. तुमच्यापैकी कोणी या टप्प्यावर आहे का? मी बरी आहे की आजारी आहे? लोकांना काय सांगता? आणि या गोळ्या कधीतरी थांबतात का?

निरगुडी, रविवार रात्री १०.१५

मोगरी, आधी मनापासून अभिनंदन. फाइलवर तो शब्द लिहिला जावा म्हणून मी अडीच वर्षं थांबले होते. पेढे हवेतच.

आपल्या भाषेत बरं वाटणं आणि बरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण बोलताना आपण त्या एकच करून टाकतो. माझी चूक तिथेच झाली. मला हा आजार चौदा वर्षं आहे. २०१६ मध्ये रेमिशन आलं. सात-आठ महिने इतकं छान गेलं की मी स्वतःच ठरवलं, झालं आता. डॉक्टरांना न विचारता गोळ्या सोडल्या. पहिले तीन महिने काही झालं नाही, त्यामुळे मला तर खात्रीच पटली. पाचव्या महिन्यात उजवं मनगट सुजलं. लग्नसराई होती, घरात पाहुणे, आज जाऊ उद्या जाऊ करत अजून दोन महिने काढले. औषधं परत सुरू केली, वर्षभराने पुन्हा रेमिशन आलं, आजही आहे. पण मनगटाची जी झीज झाली ती झाली. ते आता मागे वळतच नाही. पोळी लाटताना मी कोपरातून लाटते.

तुमच्या यजमानांना माझं मनगट सांगा. सीआरपी माझाही छान आहे.

सहा_सव्वीसची_लोकल, रविवार रात्री १०.३२

बायकोला हाच आजार, सहा वर्षं. आमच्याकडे गोळीचा वार शनिवार. मुलगी लहान असताना तिला वाटायचं, मारुतीच्या वारीच ही गोळी घ्यायची असते. कोणी बुधवारी घेतो म्हटलं तर ती अजून चुकीचं धरते. वाचतोय, सगळ्यांनी सविस्तर लिहा.

आडवाट, सोमवार सकाळी ७.०५

सोपं आहे हो. वडिलांचं बीपी गोळीने १२०/८० राहतं. म्हणजे बीपी बरं झालं का? गोळी आहे म्हणून राहतं. तसंच हे. मिस्टरांना एवढं सांगा, लगेच पटेल.

स्टेथो, सोमवार दुपारी २.२०

मी याच शाखेत काम करतो. मोगरीताईंच्या डॉक्टरांना त्या दिवशी वेळ मिळाला नसणार, म्हणून जरा लांब लिहितो. हे सगळ्यांसाठी आहे, तुमच्या औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांकडेच.

आजार बरा झाला असं आम्ही कधी म्हणू? औषध पूर्ण बंद आहे, शरीराने स्वतःच्याच सांध्यांवर चालून जाणं थांबवलं आहे, आणि ते पुन्हा सुरू होणार नाही याची खात्री आहे, असं असेल तर. यातली शेवटची गोष्ट तपासून सांगणारी चाचणी आज आमच्याकडे नाही. म्हणून आम्ही 'बरा' हा शब्द वापरत नाही.

रेमिशन मात्र मोजता येतं. डॉक्टरांनी जे दाबून पाहिलं ते २८ सांधे: खांदे, कोपरं, मनगटं, गुडघे आणि दोन्ही हातांच्या बोटांचे वीस. २०११ मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून एक कडक व्याख्या ठरवली. दुखणारा सांधा एकापेक्षा जास्त नको, सुजलेला एकापेक्षा जास्त नको, सीआरपी डेसिलिटरला १ मिलिग्रॅमच्या वर नको, आणि पेशंटने स्वतः दिलेला आकडा दहापैकी एकच्या वर नको. २०२२ मध्ये हा शेवटचा आकडा दोनपर्यंत सैल केला, कारण बऱ्याच लोकांचा आजार शांत असतो पण थकवा, जुनी झीज, कंबरदुखी यामुळे ते 'एक' म्हणतच नाहीत. म्हणजे मोगरीताई, तुम्ही जो 'एक' सांगितलात तो गप्पांचा प्रश्न नव्हता. तो निकषाचा भाग आहे. तिथे खरं तेच सांगत जा. डॉक्टर नाराज होतील म्हणून कमी सांगणारे मला रोज भेटतात.

यात कुठेही 'औषध बंद' असं लिहिलेलं नाही, हे लक्षात घ्या. औषध चालू असतानाचं रेमिशन आणि औषधाशिवायचं रेमिशन हे दोन वेगळे मुक्काम आहेत. पहिल्यावर आज पूर्वीपेक्षा खूपच जास्त लोक पोचतात. दुसऱ्यावर थोडे.

'कॅन्सरची गोळी' म्हणून घाबरू नका. औषध तेच, पण कॅन्सरसाठी मात्रा कितीतरी पटींनी मोठी असते. खरी भीती वेगळी आहे. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी घसरतात, जीवावर बेततं. कॅलेंडरवर वार गोल करून ठेवा आणि घरातल्या निदान एका माणसाला तो माहीत असू द्या. ठरलेल्या वेळी लिव्हर आणि रक्तपेशींची तपासणी चुकवू नका. एचसीक्यूसाठी डोळे तपासणंही.

आडवाट, बीपीची तुलना घरच्यांना समजवायला ठीक आहे, पण एका ठिकाणी ती तुटते. बीपी एक दिवस वाढलं आणि उतरलं तर लगेच काही मोडत नाही. इथे निरगुडीताईंच्या मनगटाचं झालं तसं सांध्यात कायमचं राहू शकतं.

ताम्हण, सोमवार संध्याकाळी ६.५०

थोडं वेगळं मत मांडते. 'गोळ्या जन्मभर' हे सगळ्यांना सरसकट सांगू नका. माझं औषध तीन वर्षं पूर्ण बंद आहे. मी लपूनछपून सोडलं नाही. दीड वर्ष रेमिशन टिकल्यावर डॉक्टरांनी स्वतः विषय काढला. आधी मात्रा कमी, दर तीन महिन्यांनी तपासणी, मग आणखी कमी, असं करत जवळजवळ दोन वर्षांत शून्यावर आलो. माझं अँटी-सीसीपी निगेटिव्ह होतं आणि निदान पहिल्या चार महिन्यांतच झालं होतं, त्याचा फायदा झाला असं ते म्हणाले.

'आता कधीच थांबणार नाही' ऐकून माणूस खचतो. मी खचले होते. आशा ठेवायला जागा आहे एवढंच म्हणायचंय.

निरगुडी, सोमवार संध्याकाळी ७.३०

ताम्हण, वाचून फार बरं वाटलं. फक्त मोगरीच्या दोन्ही टेस्ट पॉझिटिव्ह आहेत, तिने तुझं वेळापत्रक उचलू नये. तुला आता काय म्हणतात डॉक्टर, बरी?

ताम्हण, सोमवार संध्याकाळी ७.४१

नाही. 'औषधाशिवाय रेमिशन.' मीच त्यांना म्हटलं, आता तरी बरी म्हणा. ते म्हणाले, "मी म्हटलं तर तुम्ही यायचं बंद कराल." सहा महिन्यांनी जाते अजून.

स्टेथो, सोमवार रात्री ९.१०

ताम्हणताईंचा मुद्दा योग्य आहे आणि त्यावर चांगला अभ्यासही झालाय. नॉर्वेमध्ये वर्षभर रेमिशन टिकलेल्या लोकांचे दोन गट केले. एकाची नेहमीची औषधं तशीच ठेवली, दुसऱ्याची निम्मी केली. निकाल २०२१ मध्ये आला. वर्षभरात आजार उसळला तो पूर्ण मात्रेवाल्या गटात ६ टक्के लोकांचा, निम्म्या मात्रेवाल्या गटात २५ टक्के.

हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचा. निम्मं औषध घेऊनही चारातल्या तिघांचं वर्ष नीट गेलं. पण धोका चौपट झाला. आणि हे औषध निम्मं केल्याचं आहे, बंद केल्याचं नाही. कोणता पेशंट तिघांतला आणि कोणता चौथा, हे आधी नक्की ओळखता येत नाही. म्हणून औषध कमी करायचं ते डॉक्टरांच्या नजरेखाली, पायरी पायरीने, स्टेरॉइड आधी काढून, आणि उसळी आली तर परत मागच्या पायरीवर यायच्या तयारीने.

खानदेशी_मांडे, मंगळवार सकाळी ११.२५

माझ्या मावशीचा संधिवात पूर्ण बरा झाला आहे. एका गावात (नाव घेत नाही) दर अमावास्येला औषध देतात. पुड्या असतात. तीन दिवसांत मावशी पायऱ्या चढायला लागली. ॲलोपॅथीवाले मानत नाहीत, पण डोळ्यांनी पाहिलंय. कोणाला हवं असेल तर पत्ता देईन.

गवतीचहा, मंगळवार सकाळी ११.५८

मांडेदादा, राग मानू नका, पण कृपा करून पत्ता देऊ नका. माझे वडील अशाच पुड्यांवर दोन वर्षं होते. त्यांनाही तीन दिवसांत गुण आला होता. चेहरा भरला, गालांवर लाली आली, लोक म्हणायचे काका तब्येत छान झाली. मग साखर चढली. एकदा पाऊस लागून रस्ता बंद झाला, पुड्या आणता आल्या नाहीत, आठवड्याभरात वडील उठून उभे राहीनात. उलट्या, बीपी खाली, आयसीयू. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पुड्या घेत होते का?" त्यात स्टेरॉइड मिसळलेलं होतं. एवढे दिवस बाहेरून मिळाल्यामुळे शरीराने स्वतःचं बनवणं बंद केलं होतं, आणि पुड्या एकदम तुटल्या.

मावशींचा चेहरा गोल झालाय का, अंगावर सहज काळेनिळे डाग पडतात का, तेवढं पाहा. आणि असतील तर पुड्या एकदम बंद करायला सांगू नका, आधी डॉक्टरांकडे न्या.

खानदेशी_मांडे, मंगळवार दुपारी १.०४

चेहरा भरलाय हे खरं. आम्ही त्याला तब्येत सुधारली म्हणत होतो. मावसभावाला फोन करतो.

आजोळ, मंगळवार दुपारी ३.३०

एक आणखी. आपल्याकडे सगळ्याच सांधेदुखीला संधिवात म्हणतात. गुडघ्याची झीज, युरिक ॲसिड, हा ऱ्हुमटॉइड, सगळं एकाच नावाखाली. २००६ मध्ये चिकुनगुन्याची साथ आली तेव्हा आमच्या गल्लीत निम्मे लोक महिनोन्महिने हात धरून बसले होते, सकाळचा ताठरपणा अगदी मोगरीताईंनी लिहिलाय तसा. त्यातले बहुतेक कालांतराने आपोआप मोकळे झाले. त्या काळात जे जे औषध घेत होते, त्या त्या औषधाचं नाव झालं. कोणाचं आल्याचं पाणी, कोणाचं तांब्याचं कडं. 'माझा संधिवात अमक्याने गेला' म्हणणाऱ्याला मी आधी विचारते, कुठला संधिवात, आणि कोणत्या साली?

पिंपळपान, मंगळवार रात्री १०.२०

धागा सुंदर चाललाय. मी पेशाने भाषांतरकार, त्यामुळे मन शब्दाशी अडकलं. रेमिशनला आपल्याकडे नेमका शब्द आहे: उतार. "तापाला उतार पडला" असं आजी म्हणायची, ताप गेला असं नाही म्हणायची. उतार पडला तरी दोन दिवस अंथरुणातून उठू द्यायची नाही. आयुर्वेदात उपशम आहे, तोही छान, पण बोलीत उतारच चालेल. आमवात या सांध्यांच्या आजाराचं वर्णन करणाऱ्या माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात साध्य, याप्य, असाध्य अशी वाटणी येते. याप्य म्हणजे जो उपचार चालू आहेत तोवर आटोक्यात राहतो तो. औषध चालू असतानाचं रेमिशन म्हणजे आणखी वेगळं काय!

दुसरं, उतार आणि बरं होणं यांची गल्लत मोठमोठ्यांकडूनही झालेली आहे. सप्टेंबर १९४८, अमेरिकेतलं मेयो क्लिनिक. फिलिप हेंच नावाच्या डॉक्टरांच्या डोक्यात वीसेक वर्षं एक कोडं होतं. त्यांनी पाहिलं होतं की कावीळ झाली की काही पेशंटांचा संधिवात शांत होतो, गरोदरपणातही होतो, आणि नंतर परत येतो. म्हणजे शरीरातच असं काहीतरी आहे जे या आजाराला गप्प बसवतं. ते शोधता शोधता त्यांनी २९ वर्षांच्या एका बाईला एक नवा पदार्थ टोचायला सुरुवात केली. अंथरुणाला खिळलेली बाई काही दिवसांत चालत बाजारात जाऊन आली. तोच पुढे कॉर्टिझोन म्हणून प्रसिद्ध झाला. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. वर्तमानपत्रांनी चमत्कार म्हणून डोक्यावर घेतलं. पण इंजेक्शन थांबवलं की आजार परत यायचा, आणि चालू ठेवलं की अंग सुजणं, हाडं ठिसूळ होणं सुरू व्हायचं. गवतीचहांच्या वडिलांच्या पुडीत होतं ते त्याच घराण्यातलं औषध.

हेंच यांना जो प्रश्न पडला तो अजूनही सुटलेला नाही असं मला वाटतं. शरीराला हा आजार गप्प करता येतो, मग ते कायमचं का करत नाही?

मोगरी, बुधवार सकाळी ६.४०

सगळ्यांचे आभार. पहाटे उठून सगळं दोनदा वाचलं. 'उतार' मला फार आवडला. आजच नवऱ्याला म्हटलं, उतार पडलाय. त्याला एका शब्दात कळलं, मी चार दिवस इंग्रजीत समजावत होते.

गवतीचहा, वडील आता कसे आहेत?

गवतीचहा, बुधवार सकाळी ८.१५

बरे आहेत. स्टेरॉइड सुटायला वर्ष लागलं. आता योग्य औषधावर आहेत, सकाळी दूध आणायला स्वतः जातात.

आई_टाइपवनची, बुधवार दुपारी १२.१०

आमचा आजार वेगळा, पण शरीर स्वतःवरच उलटतं हे मूळ तेच, म्हणून लिहिते. मुलगा नऊ वर्षांचा असताना टाइप वन डायबेटिस निघाला. इन्सुलिन सुरू केलं आणि दीड महिन्याने त्याची गरज भराभर उतरायला लागली. वीस युनिटवरून सहावर. साखर अगदी छान. आमच्या घरात आनंदीआनंद. सासरे म्हणाले, देवाने ऐकलं. एका नातेवाइकांनी तर इन्सुलिन बंद करायचा आग्रहच धरला.

नशीब, डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. याला हनिमून फेज म्हणतात. स्वादुपिंडातल्या उरलेल्या पेशींना बाहेरच्या इन्सुलिनने विसावा मिळतो, त्या थोडे दिवस जोर धरतात. पण हल्ला चालूच असतो. सात महिन्यांनी युनिटं परत चढली. तो दिवस मला निदानाच्या दिवसापेक्षा जड गेला, कारण मनात कुठेतरी मीही 'बरा झाला' धरून बसले होते.

मोगरी, पुढे कधी उसळी आली तर ती तुझी हार समजू नकोस. मी समजले होते.

सहा_सव्वीसची_लोकल, बुधवार दुपारी १२.४०

हे शेवटचं वाक्य बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आधी कोणी का नाही सांगितलं.

कागदपत्र, बुधवार संध्याकाळी ५.३०

व्यवहारातलं एक. आरोग्य विम्याच्या फॉर्मवर 'पूर्वीपासूनचा आजार' असा रकाना असतो. रेमिशनमध्ये आहे म्हणून तिथे 'नाही' लिहू नका. निदान झालंय, औषध चालू आहे, म्हणजे तो आजार आहेच. लपवलं तर पुढे दावा नाकारला जाऊ शकतो. खरं लिहिलं तर त्या आजाराच्या दाव्यासाठी थांबावं लागतं, पण २०२४ पासून पूर्वीच्या आजारासाठी थांबायची कमाल मुदत चार वर्षांवरून तीनवर आणली आहे. फाइलवरचं 'रेमिशन'वालं पान फॉर्मसोबत जोडा, आजार आटोक्यात आहे याचा तो पुरावा आहे.

केळफूल, बुधवार रात्री ११.०५

विचारू की नको करत होते. वय २७, दोन वर्षांपासून हाच आजार, आठ महिने रेमिशन. घरी स्थळं बघताहेत. आई म्हणते, आता बरी आहेस, सांगायची काय गरज? मला ते पटत नाही. पण सांगताना काय सांगू तेही कळत नाही. आणि मूल?

निरगुडी, गुरुवार सकाळी ६.५५

केळफूल, सांग बाळा. पहिल्या भेटीत नाही, पण होकार द्यायच्या आधी नक्की. "मला हा आजार आहे, सध्या उतार आहे, औषध घेते, नोकरी करते." एवढं पुरे. दिलगिरीच्या सुरात सांगू नकोस. मी लग्नानंतर सांगितलं होतं आणि ते ओझं दोन वर्षं वागवलं. सुरुवातीला मला लिहावंसं वाटत नव्हतं, पण तू विचारलंस म्हणून लिहिते.

स्टेथो, गुरुवार सकाळी ९.२०

मुलाबद्दल: होऊ शकतं, माझ्या कितीतरी पेशंटांना झालंय. फक्त ठरवून. मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे, ते दिवस राहण्याच्या आधीच डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवावं लागतं. त्याऐवजी गरोदरपणात चालणारी औषधं आहेत, एचसीक्यू त्यातलंच. आजार शांत असताना दिवस राहिले तर पुढचं सोपं जातं, म्हणजे रेमिशनचा इथे सरळ उपयोग आहे. पिंपळपान यांनी लिहिलं तसं गरोदरपणात अनेकींना आणखी उतार पडतो, पण बाळंतपणानंतर काही महिन्यांत उसळी यायची शक्यता असते. त्या महिन्यांसाठी घरात मदतीचं माणूस आधीच ठरवून ठेवा.

केळफूल, गुरुवार सकाळी ९.४८

🙏 आईला हे दोन्ही प्रतिसाद दाखवले. ती काही बोलली नाही, पण फोन परत देताना डोक्यावरून हात फिरवला.

न्युर्नबर्गहून, गुरुवार रात्री ११.५०

'कायमचं का करत नाही' या पिंपळपान यांच्या प्रश्नावर. मी राहतो तिथून एर्लांगेन अर्ध्या तासावर आहे. तिथल्या विद्यापीठ रुग्णालयात ल्यूपस या अशाच आजारावर कार-टी उपचाराचं काम चालतं. पेशंटच्याच टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पेशींचा एक प्रकार) बाहेर काढून, बदलून परत सोडतात, त्या बी पेशींचा, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींचा, नायनाट करतात. मग शरीर नव्याने बी पेशी तयार करतं, आणि त्या जुन्यांसारख्या बिथरलेल्या नसतात. एका तरुण मुलीवरचा पहिला अनुभव २०२१ मध्ये छापून आला. २०२४ मध्ये पंधरा पेशंटांचा आला. त्यात ल्यूपसचे आठ होते, आठही जण औषधाशिवाय रेमिशनमध्ये. हे वाचून मी रात्रभर झोपलो नाही, माझ्या बहिणीला ल्यूपस आहे.

पण तेही 'बरे झाले' म्हणत नाहीत. पंधरा माणसं, थोडी वर्षं. उपचार महाग, जोखमीचा, आणि ज्यांना इतर काही लागू पडलं नाही अशांसाठी. बहिणीला मी एवढंच सांगितलं की तो शब्द निदान दृष्टिपथात आलाय.

शिवार, शुक्रवार दुपारी ४.१५

वडिलांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल, हाताचे सांधे ठीक, पण चालताना तळपायात बोटांच्या मुळाशी खडा टोचल्यासारखं होतं. डॉक्टरांनी रेमिशन म्हटलंय. मग हे काय?

स्टेथो, शुक्रवार संध्याकाळी ७.०५

छान प्रश्न. त्या २८ सांध्यांत पावलं नाहीत. पावलांत आजार चालू असताना आकडा चांगला येऊ शकतो. पुढच्या वेळी चपला-मोजे काढून पाय दाखवा आणि नुसतं 'दुखतं' न म्हणता ही खड्याची गोष्ट अशीच्या अशी सांगा. गरज वाटली तर ते सोनोग्राफी करतील.

मोगरी, रविवार रात्री ९.१०

आज परत रविवार. गोळी घेतली आणि लिहायला बसले.

सासूबाईंना या आठवड्यात सगळं सांगितलं, मनगट, पुड्या, सगळं. त्या बराच वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पाणी उतरलंय. नदी कुठं गेलेली नाही." २०१९ च्या महापुरात आमच्या तळमजल्यात छातीभर पाणी होतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली ५७ फुटांवर गेलं होतं. तेव्हापासून पाऊस लागला की सासूबाई रोज सकाळी पुलाजवळ पाणी किती झालं ते विचारतात. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, तोंडपाठ आहे. पाणी वीस फुटांवर असलं तरी विचारतात, आणि विचारून झालं की निवांत स्वयंपाकाला लागतात. आज सकाळी चहा देताना मला म्हणाल्या, "मूठ वळते ना? दाखव." मी वळून दाखवली. त्या आत गेल्या.

नवऱ्याचा प्रश्न मी बदलून लिहून ठेवलाय. 'गोळ्या कशाला' नाही, तर 'अजून किती महिने असंच राहिलं तर मात्रा कमी करण्याचा विचार करता येईल?' ताम्हण, हे तुझ्यामुळे. पुढची तारीख तीन महिन्यांनी आहे. शिवार यांचं वाचून पायही दाखवणार आहे, डाव्या पायाच्या करंगळीशी मला तसंच काहीतरी होतं आणि मी ते कधी बोललेच नाही.

निरगुडीताई, तुम्ही कोपरातून पोळी लाटता ते नेमकं कसं? माझ्या जावेचं मनगट धरलंय, तिला दाखवायचंय.

निरगुडी, रविवार रात्री ९.३५

पोळपाट ओट्यावर नको, टेबलावर घे, कमरेच्या जरा खाली येईल असा. लाटणं जाड, बिनमुठीचं, लांब. मूठ करून धरायचं नाही, तळहात सपाट ठेवून लाटणं तळहाताखालून मनगटाच्या पुढे कोपरापर्यंत फिरू द्यायचं. सगळा जोर खांद्यातून. कणीक नेहमीपेक्षा सैल भिजव आणि अर्धा तास झाकून ठेव. पहिल्या आठ-दहा पोळ्या भारताच्या नकाशासारख्या होतील, नंतर गोल यायला लागतात. आणि जावेला आधी अँटी-सीसीपी करून घ्यायला सांग, लाटणं नंतर.